वाकडंच राहू दे

उप्साला, १४ नोव्हेंबर

प्रिय गुद्रुनमावशी,

कागदावर पत्र पाहून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. मेलवर लिहीत नाही, कारण विद्यापीठाच्या मेल कोणीही अर्ज करून वाचू शकतं, आणि मला जे लिहायचं आहे ते कोणीही वाचावं असं नाही. फोनवर तू मधेच बोलतेस. म्हणून हे.

माझं काम तुला ठाऊक आहे. औषधाच्या कणाला किरणोत्सारी अणू जोडायचा, म्हणजे औषध शरीरात कुठे गेलं ते कळतं, आणि गाठीला जाऊन चिकटलं तर तिथेच किरणांनी तिला जाळतं. जोडायचं काम माझं, तळमजल्यावर, शिशाच्या काचेमागे. वरच्या मजल्यावर जिवंत कर्करोगाच्या पेशी बशीत वाढवतात आणि माझं औषध त्यांना किती चिकटतं, किती वेळ धरून ठेवतं ते यंत्रावर मोजतात. वरच्या कामातलं मला काही कळत नाही आणि आजवर कळायची गरजही पडली नाही. लेनार्ट होता तोवर तो जिन्यावरून ओरडायचा, "धरलं गं!" आणि मी केक आणायचे.

लेनार्ट निवृत्त झाला. ऑगस्टपासून त्याच्या जागी इंद्रेक लानेमा म्हणून एक एस्तोनियन आला आहे, तार्तूचा. तिशीतला, उंच, तोंडाला कुलूप. नेमणूक एप्रिलअखेरपर्यंत, पुढे वाढवायची की नाही ते मार्गारेता, आमची प्रमुख, वसंतात ठरवणार. आणि या माणसानं आल्यापासून एकदाही माझं औषध धरलं असं म्हटलेलं नाही. परवा बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाला, "चिकटत नाही. बहुतेक अणू जोडताना औषध मरतं." मावशी, मी हे काम वीस वर्षं करते आहे. माझ्या हातून औषध मरत नाही. तेच औषध, तोच अणू, तीच मी. बदललं आहे एकच माणूस.

मार्गारेता म्हणाली, दोघं मिळून बघा. तो मान हलवून गेला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कुठेतरी पाणी मुरतंय. त्याला तार्तूच्या लोकांचं औषध इथे आणायचं आहे, असं मला वाटतं. माझं पडलं की त्यांचं चढेल.

तू तीस वर्षं कस्टममध्ये माणसं पारखलीस. सांग काय करू.

तुझी यिल्वा


हेर्नेसांद, २० नोव्हेंबर

यिल्वा,

टपाल हल्ली एक दिवसाआड येतं, म्हणून उशीर. शिवाय तुझं अक्षर. तुझ्या आईचंही असंच होतं, कोंबडी चालल्यासारखं.

मुद्द्याचं. जो माणूस डोळ्यात बघत नाही त्याच्या बॅगेत काहीतरी असतं. दर वेळी दारूच असेल असं नाही, कधी नुसती लाज असते, पण काहीतरी असतं. बंदरावर आम्ही असल्या माणसाला प्रश्न विचारत बसायचो नाही. बॅग उघडायचो.

तू किरणोत्साराची तपासणी करतेस ना, संध्याकाळी मीटर घेऊन सगळ्या खोल्या फिरतेस? मग त्याच्या खोलीतही जात असशील. बघ. पण बघायचं म्हणजे नुसतं बघायचं. हात लावायचा नाही. आमच्याकडे नियम होता, ज्यानं पेटी उघडली त्यानं सही करायची, आणि आतलं सामान होतं तसं ठेवायचं. हे दोन पाळलेस तर कोणी तुला काही म्हणू शकत नाही.

इथे सगळं ठीक. फक्त तिसऱ्या मजल्यावरचा न्यूलिन माझ्या वेळेत धुलाईखोली वापरतो. वाळवणी यंत्राच्या जाळीत त्याचा करडा भुगा सापडतो. मी चिठ्ठी लावली आहे: 'भुगा ज्याचा त्याने काढावा.' नाव घातलं नाही. कळेल त्याला.

गुद्रुनमावशी


उप्साला, १६ डिसेंबर

प्रिय मावशी,

बघितलं.

त्याच्या खोलीत पेशींचं उबदार कपाट आहे. बाहेरचं दार पत्र्याचं, आतलं काचेचं. माझ्या तपासणीत ते कपाट येत नाही, पण पाच वाजता सगळे घरी गेलेले असतात आणि दार काही कुलुपात नसतं. उघडलं. आत त्या दिवशी मांडलेल्या तीन बशा. आणि मावशी, कशा ठेवल्या होत्या म्हणून सांगू, तिन्ही वाकड्या! एक कड सुट्या झाकणावर चढलेली, दुसरी खाली, आतलं गुलाबी पाणी सगळं एका कोपऱ्यात गोळा झालेलं. जिवंत पेशी आहेत त्या. कोणी ताटलीतलं सूप असं ठेवणार नाही. लेनार्टची टेबलं आरशासारखी असायची.

मी सरळ केल्या. तू हात लावू नकोस म्हणाली होतीस, माहीत आहे. पण कोणाच्या घरी भिंतीवरची तसबीर कलली असेल तर तूही जाता जाता सरळ करतेस, मी पाहिलं आहे. आपल्या घराण्यातच आहे ते. त्यानंतर जेव्हा जेव्हा गेले, तेव्हा वाकड्याच. दर वेळी सरळ करून आले. मनात म्हटलं, याचा निष्काळजीपणा तरी माझ्या औषधाला बाधायला नको. खरं म्हणजे त्यानं माझे आभार मानायला हवेत.

आता पुढचं ऐक, आणि मला वेड लागलंय का ते सांग. तेरा तारखेला, लुसियाच्या सणाला, सगळे केशरी बन खायला कॉफीच्या खोलीत जमलो होतो. मी ठरवून त्याच्या शेजारी बसले. म्हटलं, काय असेल ते एकदा तोंडावर विचारून टाकू. हळूच म्हटलं, "इंद्रेक, वाकडं आहे का काही?"

त्यानं कप खाली ठेवला. पहिल्यांदाच माझ्या डोळ्यात सरळ पाहिलं आणि म्हणाला, "हो. वाकडं आहे. असायलाच हवं."

मग वर म्हणतो, "विचारलंस ते बरं केलंस." आणि बनांची थाळी माझ्यापुढे सरकवली.

इतक्या वर्षांत असं तोंडावर कोणी बोललं नाही मला. मी बन घेतला नाही. उठून गेले.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता कपाट उघडलं, तर आतल्या काचेवर चिठ्ठी. आतल्या, लक्षात घे. म्हणजे जी व्यक्ती कपाट उघडते तिलाच दिसावी अशी. मोठ्या अक्षरात: 'वाकडंच राहू दे.'

म्हणजे मी येते हे त्याला कळलं आहे. आणि त्याला समेट नको आहे. मी जाब विचारू शकत नाही, कारण विचारायचं तर कपाट उघडलं हे कबूल करावं लागेल. किती हिशोबी माणूस आहे बघ.

मीही कमी नाही. तिन्ही बशा सरळ केल्या आणि चिठ्ठी तशीच ठेवून दार लावलं.

यिल्वा


हेर्नेसांद, १९ डिसेंबर

यिल्वा,

वेड लागलेलं नाही. पण तू हात लावलास. ते मला आवडलं नाही.

चिठ्ठीबद्दल म्हणशील तर मी लोकांच्या चिठ्ठ्या वाचत म्हातारी झाले. नाव नाही, तारीख नाही, आतल्या बाजूला लावलेली. ही धमकी आहे. न्यूलिननंही माझ्या चिठ्ठीखाली लिहिलं आहे, 'कोणता भुगा?' बघ, सगळे एकाच शाळेत शिकलेले.

नाताळला इकडे ये. हॅम मी आणते, लाल कोबी तू कर. नववर्षापर्यंत राहा आणि तो माणूस डोक्यातून काढ.

गुद्रुनमावशी


उप्साला, १२ जानेवारी

प्रिय मावशी,

तुझ्याकडे होते तेवढे दिवसच बरे गेले.

परत आले तर मार्गारेता जिन्यात भेटली, चेहरा खुललेला. "यिल्वा, तुझं औषध चिकटलं!" मी तुझ्या स्वयंपाकघरात कोबी चिरत होते तेव्हा हा इथे एकटा काम करत होता. नाताळालाही घरी गेला नाही. आणि त्या आठवड्यात त्याच्या यंत्रावरची रेघ चढली, सुरेख चढली, लेनार्टच्या काळात चढायची तशी.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी इथे असताना महिनोन् महिने शून्य, आणि मी गेले की चिकटतं? इमारतीत चिटपाखरू नसताना?

आणि मी आल्यावर काय झालं असेल? पुन्हा काही नाही. बैठकीत म्हणाला, "या आठवड्यात बशा बिघडल्या." कशानं, ते सांगेना. मार्गारेतानं दोनदा विचारलं. हा खिडकीबाहेर बघत बसला, मग क्षणभर माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही.

मला वाटतं ती नाताळातली रेघ त्यानं बनवली आहे. नेमणूक वाढवायची तर काहीतरी दाखवायला हवं ना. आणि मी असले की जमत नाही, कारण मी बघते.

चिठ्ठी अजून आहे. बशा अजून वाकड्या. मी अजून सरळ करते. आता तर करायचं म्हणूनच करते.

यिल्वा


हेर्नेसांद, १८ जानेवारी

यिल्वा,

साधी गोष्ट आहे. पहारेकरी असताना माल येत नाही, पहारेकरी सुट्टीवर गेला की येतो. यात कळायचं काय राहिलं? असली माणसं मी डझनांनी पाहिली.

मार्गारेताला सांग. कॅन्सरच्या औषधाची खोटी रेघ म्हणजे दोन बाटल्या चोरून आणण्यासारखं नव्हे. उद्या कोणा आजारी माणसाच्या शिरेत ते जाईल. तुझी आई आठव.

सांगितलंस की कळव.

गुद्रुनमावशी


उप्साला, ३ मार्च

प्रिय मावशी,

बरेच दिवस लिहिलं नाही. सांगायचं राहिलं म्हणून लिहायची लाज वाटत होती.

दोनदा मार्गारेताच्या दारापर्यंत गेले. एकदा ती फोनवर होती. दुसऱ्यांदा नव्हती, तरी मी परत फिरले. माझ्याकडे काय आहे? एक चिठ्ठी, आणि ती वाचायला मी दुसऱ्याचं कपाट उघडलं.

हिवाळी सुट्टीच्या आठवड्यात मी ओरेच्या डोंगरात बर्फावर घसरायला गेले होते. परत आले. ओळख बघू. रेघ चढली. नाताळपेक्षाही सुरेख.

काल मलईचे बन होते कॉफीला. मार्गारेता सगळ्यांदेखत इंद्रेकला म्हणाली, "तू राहावंस असं मला वाटतं. कागद महिनाअखेरीस करू." तो लाजला, मावशी. कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, "मला राहायचं आहे. इथे यंत्र चांगलं आहे." माणसं चांगली आहेत असं काही म्हणाला नाही.

क्षणभर मला त्याची कीव आली. मग ती नजर आठवली.

यिल्वा


हेर्नेसांद, ८ मार्च

यिल्वा,

पत्र मिळालं. इथे बर्फ वितळू लागलं आहे, फूटपाथवर खडी निघाली. गुडघा ठीक. न्यूलिननं धुलाईखोलीत नवीन चिठ्ठी लावली आहे, 'काही लोकांनी आपला चष्मा तपासून घ्यावा.' मी उत्तर दिलेलं नाही. विचार करते आहे.

तू काळजी करू नकोस. सगळं आपोआप मार्गी लागेल.

गुद्रुनमावशी


उप्साला, १७ मार्च

मावशी,

आपोआप!

आज मार्गारेतानं मला बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाली, "हेर्नेसांदहून गुद्रुन वीकबेरी नावाच्या बाईंचा फोन आला होता. निवृत्त कस्टम अधिकारी. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे इंद्रेकचे निष्कर्ष कोणी बघत नसतानाच येतात. कोण आहेत या?"

मी काय सांगणार? माझी मावशी, असं सांगितलं. आणि मग तिनं विचारलं, "तुलाही असंच वाटतं का?" मी हो म्हटलं. तू माझ्या तोंडून हो काढलंस. आणि म्हटल्यावर मला हलकं वाटलं, ते तुझ्यावरच्या रागाहून जास्त लागलं.

त्याचे कागद थांबवले आहेत. खोटे निष्कर्ष म्हणजे इथे चेष्टा नाही. बाहेरच्या समितीकडे गेलं तर तो पुन्हा कुठेही उभा राहणार नाही, तार्तूतही नाही. मार्गारेता म्हणाली, "समितीकडे पाठवण्याआधी तो सगळं काम पहिल्यापासून माझ्यासमोर करेल, दिवसाउजेडी, आणि तूही तिथे असशील." पुढच्या आठवड्यात.

तक्रार कोणी केली ते त्यानं विचारलं नाही म्हणे. नुसता म्हणाला, "मला माहीत आहे."

तू मला विचारायला हवं होतंस.

यिल्वा


हेर्नेसांद, २१ मार्च

यिल्वा,

केला फोन. नाव सांगून केला. मी निनावी काही करत नाही, धुलाईखोली सोडून.

तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस आणि पुढच्या सुट्टीपर्यंत मला पत्रं लिहीत बसली असतीस. तू लहानपणापासून अशीच. दातदुखी झाली की गाल धरून बसायची आणि डॉक्टरचं नाव काढलं की बरं वाटायचं.

पण तुझी परवानगी न घेता केला, ते चुकलं. त्या दिवशी काय होतं ते लिही. सगळं लिही.

गुद्रुनमावशी


उप्साला, २९ मार्च

प्रिय मावशी,

सगळं लिहिते. बसून वाच.

सकाळी आम्ही तिघं त्याच्या खोलीत. इंद्रेकनं हातमोजे चढवले. एक शब्द न बोलता पेशी मोजल्या, पाण्यात कालवल्या, बशीत ओतल्या. मी एखाद्या घारीसारखी बघत होते, आता काय लपवतो, आता काय करतो. मग त्यानं एक झाकण घेतलं, कपाटात ठेवलं आणि बशीची एक कड त्यावर चढवली. तिरकी. पाणी एका बाजूला वाहून गेलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "असं का?"

उत्तर मार्गारेतानं दिलं, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती ती. "तिरकी ठेवल्याशिवाय पेशी एकाच बाजूला कशा बसणार? रात्रभरात तिथे चिकटतात. दुसरी बाजू मोकळी राहते. यंत्रात बशी कलती फिरते, मोजणाऱ्या डोळ्याखालून एकदा पेशींची बाजू जाते, एकदा मोकळी. पहिलीतून दुसरी वजा केली की उरतं ते पेशींनी धरलेलं औषध. लेनार्टही असंच करायचा."

आणि मग हसत म्हणाली, "सपाट ठेवली तर पेशी बशीभर होतील. दोन्हीकडे सारखंच. कितीही चिकटलं तरी वजाबाकी शून्य."

मावशी, मी मनात दिवस मोजले.

मी इथे असताना शून्य. मी गेले की रेघ. तूही बरोबर होतीस, मीही बरोबर होते, फक्त उलट्या बाजूनं. त्या बशा मीच सरळ करत होते. नोव्हेंबरपर्यंतचं मला माहीत नाही, तो नवीन होता, त्याचं काही चुकलं असेल. पण त्यानंतरचं सगळं माझं. माझ्या स्वतःच्या औषधाला मीच रोज संध्याकाळी मारत होते, नीटनेटकेपणानं.

आणि चिठ्ठी! ती अजून काचेवर होती. मार्गारेतानं वाचली आणि म्हणाली, "सफाईवालीसाठी का?" इंद्रेक म्हणाला, "कोणासाठीही." माझ्याकडे बघितलं नाही.

कपाट बंद झालं, मार्गारेतानं त्यावर स्वतः सील लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासमोर बशी यंत्रात गेली, माझं औषध आत गेलं. रेघ चढली. मग औषधाचं पाणी काढून साधं घातलं, किती सुटतं ते बघायला. रेघ जवळजवळ हलली नाही. इतकं घट्ट धरलेलं लेनार्टच्या काळातही मी पाहिलं नव्हतं.

मार्गारेता म्हणाली, "मग एरवी बशा बिघडतात कशानं?" इंद्रेक यंत्र पुसू लागला. मी मूग गिळून बसले, मावशी, तिथल्या तिथे, तो माझ्यापासून हातभर अंतरावर असताना. त्याच्यावरचा संशय निम्मा गेला आहे, निम्मा आहे. मार्गारेताला ते निम्मं पुरतं. कारण कळल्याशिवाय कागद करणार नाही म्हणाली. शुक्रवारपर्यंत वाट बघेल.

मी बोलले तर काय होईल? दुसऱ्याचं कपाट उघडलं, तपासणीचा हक्क वापरून. आणि नंतर तक्रारीला हो म्हटलं. कोण विश्वास ठेवेल की मला माहीत नव्हतं? मलाच कोणी असं सांगितलं असतं तर मी ठेवला असता का?

तू सांग. या वेळी मधे फोन करू नकोस, नुसतं सांग.

यिल्वा


हेर्नेसांद, ३१ मार्च

यिल्वा,

हे पत्र मी जलद टपालानं टाकते आहे, शुक्रवारच्या आत पोचायला हवं.

ज्यानं पेटी उघडली त्यानं सही करायची. मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं.

मी फोन करून मार्गारेताला सांगू शकते की मी खोटं बोलले. पण मला त्यातलं काय माहीत होतं? तू लिहिलंस तेवढंच. बशा सरळ केल्यास हे तू मला डिसेंबरातच लिहिलं होतंस, यिल्वा, माझ्या हातात कागद होता. मी तो वाचला आणि फक्त तू हात लावलास म्हणून रागावले. हाताखाली काय बदललं ते विचारलं नाही. बंदरावर हे माझ्याकडून झालं असतं तर मी स्वतःला घरी पाठवलं असतं.

लोक काय म्हणतील ते म्हणू देत. जा आणि सांग. आधी त्याला सांग, मग तिला.

मावशी


उप्साला, ३० एप्रिल

प्रिय मावशी,

आज वालबोरी, वसंताचा सण. नदीवर पोरं आपल्या तराफ्यांवरून पाण्यात पडताहेत आणि काठावर सगळं गाव ओरडतंय. मी प्रयोगशाळेत बसून लिहिते आहे.

तुझं पत्र शुक्रवारी सकाळी आलं. फोनवर थोडक्यात सांगितलं होतं, पण तू रडायला लागलीस आणि मग मीही, म्हणून राहिलेलं आता.

त्याच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. "बशा मी सरळ करत होते."

"माहीत आहे," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"लुसियापासून. आधी मला वाटायचं औषधच वाईट आहे. मग सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर पेशी बशीभर. संध्याकाळी खोलीत तूच येतेस. मी तुला विचारणारच होतो, तर कॉफीला तूच विचारलंस, वाकडं आहे का. मी म्हटलं, हो, असायलाच हवं. मला बरं वाटलं. म्हटलं, तिला कळलं. विसरायला नको म्हणून चिठ्ठी लावली. तूच वापरलेला शब्द लिहिला, म्हणजे घोटाळा नको."

मावशी, त्याला तो शब्द तेवढाच माहीत होता. माझ्याकडून ऐकलेला. बशा 'वाकड्या' असतात; 'वाकडं' असतं ते माणसामाणसांत. त्याच्या एस्तोनियन भाषेत तो, ती, ते असा भेदच नाही, त्याला कुठून कळणार?

"आणि त्यानंतरही तू सरळ करत राहिलीस," तो म्हणाला. "सांगूनही. चिठ्ठी असूनही. मग मी समजलो की तुला मी इथे नको आहे."

"मग मार्गारेताला का नाही सांगितलंस?"

"तू इथे वीस वर्षं आहेस. मी ऑगस्टपासून. तू माझ्या जागी असतीस तर सांगितलं असतंस?"

मी त्याला सांगितलं की मला वाटलं तू भांडण उकरतो आहेस. 'वाकडं' म्हणजे काय तेही सांगितलं. त्यानं तो शब्द दोनदा स्वतःशीच म्हणून पाहिला. हसला नाही. मी हसायची वाट बघत होते.

मग मार्गारेताकडे गेलो, दोघं. मी सगळं सांगितलं. संध्याकाळची तपासणी माझ्याकडून काढून घेतली आहे, मीटर आता दुसरीकडे. लेखी समज मिळाली. ते बरोबरच आहे. मार्गारेतानं इंद्रेकचे कागद तिथल्या तिथे काढून त्याच्यापुढे ठेवले.

त्यानं ते परत सरकवले. चौकशीचं कळलं त्याच आठवड्यात त्यानं तार्तूनं देऊ केलेल्या नोकरीला हो म्हणून टाकलं होतं. इथलं यंत्र चांगलं आहे म्हणाला, पण आता शब्द दिला आहे.

नवीन माणूस सप्टेंबरला येईल. तोवर पेशी कोण वाढवणार? त्यानं मला शिकवलं. संपूर्ण एप्रिल, रोज सकाळी, शांतपणे, एक शब्द जास्त नाही की कमी नाही. मला वाटत होतं की शिकवता शिकवता कधीतरी सैल होईल. लेनार्टच्या गमती सांगितल्या, बन आणले. बन खाल्ले त्यानं.

काल त्याचा शेवटचा दिवस. खोली आवरून, पाठीला पिशवी लावून तळमजल्यावर माझ्या दाराशी आला. हात पुढे केला. मी धरला. त्यानं माझ्या डोळ्यात बघून विचारलं, आता नीट, बरोबर अर्थानं, "यिल्वा, वाकडं आहे का काही?"

"माझ्याकडून नाही," मी म्हटलं. "कधीच नको होतं. तुझ्याकडून?"

त्यानं विचार केला. खरंच विचार केला, मावशी, माझ्याशी खोटं बोलावं लागू नये म्हणून.

"थोडं राहू दे," म्हणाला, आणि गेला.

न्यूलिनचं लिहिलंस ते वाचून बरं वाटलं. तू वर जाऊन बेल वाजवलीस, आणि तो भुगा तुझ्याच करड्या स्वेटरचा निघाला, हे मी तुला आयुष्यभर ऐकवणार आहे. त्यानं तुला कॉफी पाजली, म्हणजे सुटलीस.

दुपारी मी माझी पहिली बशी एकटीनं मांडली. झाकणावर कड चढवली, दार लावलं. चिठ्ठी आतल्या काचेवर तशीच आहे, काढली नाही. आता पाच वाजले आहेत. घरी निघते.

तुझी यिल्वा